चार दांडे, चार सांधे आणि पडद्यावरची चाल

पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर पहिल्यांदा बसणाऱ्याची फजिती ठरलेली. पायडल दाबावं तर खालचं मोठं चाक कधी सरळ फिरतं, कधी उलटं. उलटं फिरलं की दोरा गुंततो, तुटतो, आणि शिकवणारी मावशी हसू आवरत सांगते, “आधी वरच्या चाकाला हाताने गती दे, मग पाय लाव.” या युक्तीमागचं कारण भूमितीत आहे. पायडलला जोडलेला उभा दांडा आणि चाकावरचा छोटा क्रँक एका फेऱ्यात दोनदा बरोबर एका रेषेत येतात. त्या क्षणी पायडलवर कितीही जोर लावला, तरी तो सगळा दांड्यातून थेट चाकाच्या आसावर जाऊन आदळतो. चाक फिरवायला त्यातलं काहीच उरत नाही. चाक आधीपासून फिरत असेल तर आपल्या वजनाच्या झोकात ते हा अडलेला क्षण पार करतं. थांबलेलं असेल तर ते कुठल्या बाजूला सुटेल, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

पायडल, उभा दांडा, क्रँक आणि या तिघांना धरून ठेवणारी बिडाची चौकट असे मोजून चार भाग, आणि त्यांना जोडणारे चार सांधे. यंत्रशास्त्रात याला फोर-बार लिंकेज म्हणतात. एकदा ही ओळख झाली की ती जिथे तिथे दिसू लागते. एसटीच्या काचेवरचा वायपर, गाडीच्या बॉनेटची बिजागरी, जेसीबीची बकेट ज्या दांड्यांवर वळते ती जोडणी. सायकल चालवणाऱ्याची मांडी, नडगी, पेडलचा क्रँक आणि सायकलची फ्रेम धरली तर तीही फोर-बारच.

या चार दांड्यांचा सगळा स्वभाव त्यांच्या लांब्यांमध्ये दडलेला असतो. आणि गंमत अशी की नुसते आकडे पाहून तो कुणालाच दिसत नाही. शिलाई मशीनचंच एक कल्पित माप घेऊ. चौकटीवरच्या दोन टेकूंमधलं अंतर 320 मिलिमीटर, उभा दांडा 300, पायडलचा हात 120 आणि क्रँक 25. चाक पूर्ण फिरतं आणि पायडल सुमारे 24 अंशांत झुलतं. पायाला सोसेल एवढं. क्रँक 40 केला की झोका 39 अंशांचा होतो. 90 केला की जवळपास 99 अंशांचा, म्हणजे पायडल पायाखालून निसटून भिंतीसारखं उभंच राहील. आणि 100 च्या पुढे एक मिलिमीटर जरी गेलं, तरी चाक पूर्ण फेरा घ्यायचंच थांबतं. 1883 मध्ये जर्मन अभियंता फ्रांझ ग्रॅशॉफ याने या शेवटच्या गोष्टीचा नियम सांगितला: सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त झाली, की कुठलाच दांडा पूर्ण फिरू शकत नाही. नियम दोन ओळींचा आहे. पण फिरतं की नाही एवढंच तो सांगतो. कसं फिरतं, कुठे रेंगाळतं, कुठे धावतं, दांड्यावरचा एखादा बिंदू हवेत कसली आकृती काढतो, हे कळायला लिंकेज प्रत्यक्ष हलवून पाहावी लागते.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून ‘थिअरी ऑफ मशिन्स’ शिकलेल्या कित्येकांनी ती कागदावर हलवली आहे. ड्रॉइंग शीट, मिनी ड्राफ्टर, टोकदार पेन्सिल. क्रँक एका जागी धरायचा, त्या स्थितीचा वेगाचा बहुकोन काढायचा, मग त्वरणाचा. एका स्थितीला अर्धी शीट जाते. पूर्ण फेऱ्याचा आलेख हवा असेल तर दर 30 अंशांनी एक, अशा बारा स्थिती. या मेहनतीतून काही गोष्टी मात्र कायमच्या डोक्यात बसतात. उदाहरणार्थ, इंजिनाचा क्रँक पाव फेरा फिरला की पिस्टन अर्ध्या वाटेवर असेल, असं सगळ्यांनाच वाटतं. 25 मिलिमीटरचा क्रँक आणि 100 मिलिमीटरचा कनेक्टिंग रॉड घेऊन आखून पाहिलं, तर पिस्टन 50 पैकी 28.2 मिलिमीटर खाली आलेला असतो. वरच्या अर्ध्यात तो घाईने जातो, खालच्या अर्ध्यात रमतगमत. हेच इंजिन मिनिटाला 8000 फेऱ्यांनी फिरलं तर वरच्या टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून अधिक होतं, आणि खालच्या टोकाला त्याच्या जेमतेम तीन पंचमांश.

पडद्यावर हेच काम एका क्लिकमध्ये होतं. ते कसं होतं, हे मात्र वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

सॉफ्टवेअरला लिंकेज ‘दिसत’ नाही. त्याच्या लेखी हलणारा प्रत्येक दांडा म्हणजे तीन अज्ञात आकडे: आडवं स्थान, उभं स्थान आणि कलण्याचा कोन. तीन हलते दांडे, म्हणून नऊ अज्ञात. प्रत्येक पिन दोन अटी घालते, कारण तिथे जुळणाऱ्या दोन्ही दांड्यांची भोकं आडव्या आणि उभ्या अंतराने एकमेकांवर आली पाहिजेत. चार पिना, आठ समीकरणं. नववं समीकरण मोटरचं: क्रँक आत्ता अमुक कोनात आहे. नऊ अज्ञात, नऊ समीकरणं, हिशोब जुळला. फक्त या समीकरणांत साइन-कोसाइन घुसलेले असल्यामुळे ती सरळ सुटत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर अंदाज करतो, चूक मोजतो, अंदाज सुधारतो, पुन्हा चूक मोजतो. ही न्यूटन-रॅफसनची पद्धत. पहिला अंदाज म्हणून तो मागच्या क्षणाची स्थिती घेतो. क्रँक एकाच अंशाने सरकलेला असल्यामुळे दोन-चार फेऱ्यांत उत्तर हाती लागतं, आणि पडद्यावर दांडे लोण्यासारखे सरकताना दिसतात.

आता शिलाई मशीन पडद्यावर चढवलं आणि मोटर चाकाला लावली, तर सगळं सुरळीत चालतं. तीच मोटर पायडलला लावून ‘24 अंशांत झुल’ असं सांगितलं, की झोक्याच्या टोकाला येताच गणित कोसळतं. दांडा आणि क्रँक एका रेषेत आले, पायडल किंचित हललं तर चाक किती हलेल याचं उत्तर अनंताकडे पळालं, आणि समीकरणं सुटेनाशी झाली. पडद्यावर लाल अक्षरात ‘कन्व्हर्जन्स’चा कसलासा संदेश येतो. नवखा इंजिनिअर सॉफ्टवेअरला नावं ठेवतो, पुन्हा इन्स्टॉल करून पाहतो. मावशींनी सांगितलेला उपाय इथेही चालतो: पायडलची हालचाल ठरवून देऊ नये, त्याच्यावर फक्त जोर लावावा, चाकाला त्याचं खरं वजन द्यावं आणि सुरुवातीला थोडी गती. मग चाक टोकापलीकडे स्वतःहून जातं.

आणखी एक खोडी आहे. क्रँक एका कोनात धरला, तर उरलेले दोन दांडे जुळायच्या जागा सहसा दोन असतात. दोन वर्तुळं दोन बिंदूंत छेदतात, तसंच. खऱ्या यंत्रात एका जुळणीतून दुसरीत जायला बहुतेक वेळा पिना काढून पुन्हा बसवाव्या लागतात. सॉफ्टवेअरला पाना लागत नाही. टप्पा मोठा ठेवला तर अंदाज सुधारता सुधारता ते दुसऱ्याच उत्तरावर जाऊन बसतं, आणि लिंकेज मधेच टुणकन उलटी होते. काही रचनांमध्ये तर हा धोका प्रत्यक्षातही असतो. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे समांतरभुज चौकोन. तो सपाट झाला की चाकं एकाच दिशेने फिरतील की विरुद्ध, हे भूमितीला सांगता येत नाही. रेल्वेवाल्यांनी यावर साधा तोडगा काढला. इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांत ठेवले. एक बाजू अडखळते तेव्हा दुसरी ऐन जोरात असते.

वाफेच्या इंजिनाशी लिंकेजचं नातं जुनं आहे. न्यूकमेनच्या जुन्या इंजिनात पिस्टन फक्त खाली ओढायचा, त्यामुळे तो वरच्या तुळईला साखळीने बांधला तरी भागत असे. जेम्स वॉटने पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ दिली आणि पिस्टन ढकलूही लागला. साखळीने ढकलता येत नाही. दांडा लावावा तर तुळईचं टोक कमानीत फिरतं आणि पिस्टनला हवी सरळ रेघ. वॉटने 1784 मध्ये तीन दांड्यांची अशी जोडणी पेटंट केली, की मधल्या दांड्यावरचा एक बिंदू जवळपास सरळ रेघेत वर-खाली होतो. जवळपासच, कारण ती रेघ खरं तर लांबोडक्या इंग्रजी आठच्या आकड्याचा एक तुकडा आहे. तरीही, आपल्या सगळ्या शोधांत या जोडणीचा आपल्याला सर्वाधिक अभिमान वाटतो, असं वॉटने उतारवयात मुलाला लिहिलं होतं. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण ज्याने कॉम्प्युटरविना योग्य लांब्या शोधल्या, त्याला त्याची किंमत ठाऊक होती.

अगदी सरळ रेघ काढणारी लिंकेज सापडायला आणखी 80 वर्षं गेली. फ्रेंच लष्करातला अधिकारी शार्ल-निकोला पोसेलिए याने 1864 मध्ये ती जाहीर केली. सात दांड्यांचा हा खेळ. 1874 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गणिती जे. जे. सिल्व्हेस्टर याने त्यावर भाषण दिलं आणि विलायतेत लिंकेजची साथच पसरली. लॉर्ड केल्व्हिन त्याचं मॉडेल हातात आल्यावर परत द्यायला तयार होईनात, अशी आठवण सिल्व्हेस्टरने नोंदवून ठेवली आहे. त्या भाषणाने झपाटलेल्या आल्फ्रेड केम्पे या तरुण वकिलाने 1876 मध्ये दावा केला, की बहुपदी समीकरणाने मांडता येणारी कुठलीही वक्ररेषा दांडे जोडून काढता येते. त्याच्या सिद्धतेत फट होती. ती नीट बुजायला 2002 साल उजाडलं.

पण ‘काढता येते’ आणि ‘ही घ्या मापं’ यांत मोठी दरी आहे. केम्पेच्या रीतीने साधी आकृती काढायलाही दांड्यांचं जंगल लागतं. कारखान्यातल्या माणसाला हवे असतात चार दांडे, फार तर सहा. त्याचा प्रश्न उलटा असतो. मापं दिली तर चाल सांगणं हे झालं विश्लेषण. चाल दिली तर मापं सांगणं, खरी डोकेदुखी तिथे.

त्यावरचा एक उपाय थक्क करणारा होता. एमआयटीतल्या जॉन रोन्स आणि जॉर्ज नेल्सन यांनी 1951 मध्ये फोर-बारच्या वक्ररेषांचा चक्क नकाशासंग्रह छापला. दांड्यांची गुणोत्तरं बदलत बदलत काढलेल्या सात हजारांहून अधिक वक्ररेषा, पानामागून पान. रेघा तुटक होत्या आणि त्यातही शहाणपण होतं: प्रत्येक तुकडा क्रँकच्या तेवढ्याच फिरण्याचा, म्हणून लांब तुकडा दिसला की बिंदू तिथे धावतोय आणि आखूड दिसला की रेंगाळतोय, हे नजरेनेच कळे. यंत्र रचणारा माणूस पानं चाळायचा, हवी तशी आकृती दिसली की थांबायचा आणि कोपऱ्यातली गुणोत्तरं उतरवून घ्यायचा.

त्याच दशकात कोलंबिया विद्यापीठात फर्डिनांड फ्रॉइडेनस्टाइन याने फोर-बारचं समीकरण असं मांडलं, की लांब्यांच्या जागी तीनच स्थिरांक उरले. क्रँक आणि पलीकडच्या दांड्याच्या कोनांच्या तीन जोड्या द्या, तीन साधी समीकरणं सोडवा, लांब्या हातात. तीनपेक्षा जास्त स्थिती हव्या असतील तर मात्र गणित भराभर चिघळतं. 1959 मध्ये फ्रॉइडेनस्टाइन आणि जॉर्ज सँडोर यांनी ते काम आयबीएम 650 या कॉम्प्युटरवर टाकलं. दांड्यांच्या जगात कॉम्प्युटर शिरला तो असा, विश्लेषणाच्या दाराने नव्हे तर थेट त्या उलट्या प्रश्नाच्या.

सत्तरचं दशक उजाडलं तेव्हा प्रश्न मोठे झाले होते. मोटारगाडीच्या सस्पेन्शनमध्ये डझनभर भाग असतात, ते सपाट प्रतलात न राहता तिन्ही दिशांना हलतात, वर स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर. विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन उइकर आणि प्रदीप शेठ यांनी, तर मिशिगन विद्यापीठात मिल्टन चेस यांच्या गटाने अशा यंत्रणांसाठी प्रोग्रॅम लिहिले. निकोलाए ओरलांडिया याच्या 1973 च्या प्रबंधातून ‘ॲडम्स’ आकाराला आलं, आणि 1977 मध्ये ॲन आर्बर इथे त्यासाठी कंपनी निघाली. या गटाची खरी हुशारी गणित कमी करण्यात नव्हती. त्यांनी ते उघड उघड वाढवलं. प्रत्येक भागाला त्याचे सगळे सहा आकडे द्यायचे, प्रत्येक सांध्याची अट वेगळी लिहायची. समीकरणं शेकड्यांनी होतात, पण प्रत्येकात अज्ञात मोजकेच. बहुतेक घरं शून्य असलेली ही अवाढव्य कोष्टकं झटपट सोडवायच्या रीती तेव्हा नुकत्याच हाताशी आल्या होत्या. माणसाने चतुराईने मांडलेल्या चार समीकरणांपेक्षा यंत्राने न कंटाळता सोडवलेली चारशे समीकरणं सोयीची ठरली.

पुढे ही सोय घरच्या कॉम्प्युटरवर आली. 1989 मध्ये डेव्हिड बझूकी याने शाळेतल्या मुलांसाठी ‘इंटरॅक्टिव्ह फिजिक्स’ काढलं आणि त्याच कंपनीने नंतर इंजिनिअरांसाठी ‘वर्किंग मॉडेल’. पडद्यावर दांडे काढा, पिन ठोका, मोटर लावा, चालू करा. शिकवलेले धडे सोडून मुलांनी भिंती पाडण्याचे आणि गाड्या आपटण्याचेच खेळ जास्त रचले. त्याच बझूकीने पुढे ‘रोब्लॉक्स’ उभं केलं. ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचं मूल आहे, त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको.

तिन्ही दिशांचं गणित आलं आणि त्याबरोबर एक कोडंही आलं. साध्या फोर-बारचं त्रिमितीत मॉडेल करून ‘हालचालीच्या किती वाटा मोकळ्या आहेत’ असं विचारलं, तर हिशोब येतो उणे दोन. तीन हलते भाग गुणिले सहा म्हणजे अठरा. चार पिना गुणिले प्रत्येकी पाच अटी म्हणजे वीस. उणे दोन म्हणजे हे यंत्र हलायलाच नको. पडद्यावर मात्र ते मजेत फिरत असतं. सुताराला यात काही नवल वाटणार नाही. दाराला एक बिजागरी लावली की ते फिरायला मोकळं. दुसरी लावली की आणखी पाच अटी, आणि हिशोब उणे चारवर. तरीही दार उघडतं, पण दोन्ही बिजागऱ्या एका ओळंब्यात असतील तरच. जरा तिरकी बसली की दार कुरकुरतं, अडतं, स्क्रू उपटून काढतं. उणे आकडा हेच सांगत असतो: हे यंत्र अचूक बसवणीच्या भरवशावर चाललं आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळं जन्मतःच ओळंब्यात असतं, म्हणून ते जास्तीच्या अटी गुपचूप गाळतं आणि पुढे जातं. त्याची शिक्षा नंतर मिळते. गाळलेल्या अटींबरोबर त्यांच्यावरचा भारही गळतो. दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीवर आणि खालचीवर शून्य, असं उत्तर छापून येतं. ते खरं मानून खालच्या पिना बारीक करणाऱ्याचं दार किती दिवस टिकेल, हे सांगायला कॉम्प्युटर नको.

पिनांबद्दल आणखी एक गोष्ट. पडद्यावरची पिन भोकात तंतोतंत बसते. कामावर चार पावसाळे काढलेल्या जेसीबीच्या बकेटला हात लावून पाहिलं, तर बुश झिजून पिनमध्ये ‘प्ले’ आलेला असतो आणि बकेटचं टोक खडखडतं. हा प्ले मॉडेलमध्ये घालता येतो, पण मग पिन आणि भोक क्षणाक्षणाला एकमेकांवर आपटतात, कॉम्प्युटरला अतिशय बारीक टप्पे घ्यावे लागतात, आणि सेकंदात होणाऱ्या कामाला तास लागतात. म्हणून बहुतेक जण आधी आदर्श पिनांवर लांब्या पक्क्या करतात आणि प्लेचा प्रश्न शेवटाला ठेवतात. व्यवहार म्हणून हे ठीक आहे, पण अहवालात तसं लिहायला हवं, आणि ते बरेचदा लिहिलेलं नसतं.

लांब्या शोधण्याचं सगळ्यात देखणं उदाहरण कुठल्या कारखान्यातलं नाही. ते हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर चालतं. थिओ यान्सन हा डेल्फ्टमध्ये भौतिकशास्त्र शिकता शिकता चित्रकलेकडे वळलेला माणूस. 1990 मध्ये त्याने घरातल्या वायरिंगसाठी वापरतात त्या पिवळट पीव्हीसी पाइपांपासून वाऱ्यावर चालणारे ‘प्राणी’ बनवायला घेतले. वाळूत चाक रुतत असल्यामुळे त्यांना हवे होते पाय. पायाचं टोक जमिनीवर असताना सरळ, सपाट सरकलं पाहिजे, नाहीतर प्राणी पावलागणिक वर-खाली हेलकावे खात दमून जाईल. आणि मग टोक उचलून झटकन पुढे आलं पाहिजे. त्यासाठी अकरा दांड्यांचा पाय ठरला. पण लांब्या? प्रत्येक दांड्याला दहाच पर्याय दिले, तरी तपासायच्या जोडण्या होतात 10 चा अकरावा घात, म्हणजे दहा हजार कोटी.

यान्सनने आपल्या अटारी कॉम्प्युटरला उत्क्रांती शिकवली. मनाला येईल त्या लांब्यांचे 1500 पाय पडद्यावर तयार करायचे, प्रत्येकाच्या टोकाची वाट किती सपाट आहे हे तपासायचं, त्यातले उत्तम 100 ठेवायचे, त्यांच्या लांब्यांची सरमिसळ करून पुन्हा 1500 पाय, पुन्हा निवड. कॉम्प्युटर कित्येक महिने रात्रंदिवस चालू होता. शेवटी जे आकडे उरले त्यांना यान्सन ‘पवित्र अंक’ म्हणतो आणि त्याने ते जगाला खुले करून टाकले आहेत. क्रँक 15 धरला तर बाकीची मापं 41.5, 39.3, 55.8, 65.7 अशी. या आकड्यांत कसलंही सूत्र नाही, सौंदर्य नाही. पण ते वापरून आइस्क्रीमच्या काड्यांचा पाय जरी केला, तरी तो खेकड्यासारखा ऐटीत चालू लागतो. कुणाही शहाण्या माणसाला हे आकडे बसल्या जागी सुचले नसते.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांची अशी शोधाशोध दरवर्षी ‘बाजा’च्या निमित्ताने चालते. 2007 पासून भरणाऱ्या या स्पर्धेत मुलं स्वतः छोटी ऑफरोड गाडी बांधतात आणि ती खाचखळग्यांच्या ट्रॅकवर चार तास पळवावी लागते. पुण्या-मुंबईतल्या कॉलेजांची वर्कशॉप त्या काळात रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. वेल्डिंग सुरू होण्याआधीचे काही आठवडे पडद्यावर जातात ते सस्पेन्शनमागे. चाकाला धरणारे वरचे-खालचे दोन त्रिकोणी विशबोन आणि स्टिअरिंगचा टाय रॉड मिळून त्रिमितीतली लिंकेजच होते. टाय रॉडची लांबी किंवा त्याच्या टोकाची जागा चुकली, तर खड्ड्यात चाक वर उचललं जाताना ते स्टिअरिंग न हलवताही आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. चालवणारा सरळ जातोय आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर मान फिरवते.

उपाय करायची रीत सगळीकडे सारखी. पडद्यावर चाक खालून वर न्यायचं, त्याचा कोन किती बदलला याचा आलेख काढायचा. आलेख उभ्या रेषेपासून वाकला की टाय रॉडचा हार्डपॉइंट, म्हणजे त्याच्या टोकाचा जोडबिंदू, दोन-तीन मिलिमीटर वर, नाहीतर आत, आणि पुन्हा चालवायचं. संध्याकाळ संपेपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ होते. मग वेल्डिंग होतं, आच लागून ब्रॅकेट थोडं ओढलं जातं, आणि संध्याकाळभर जुळवलेले ते दोन मिलिमीटर पुन्हा गायब होतात. म्हणूनच मुरलेले गट टाय रॉडच्या टोकाशी वॉशर घालून-काढून उंची बदलायची सोय आधीच ठेवतात.

लिंकेजचं गणित अचूक असूनही घोटाळा होऊ शकतो, हे मंगळावर दिसलं. नासाच्या स्पिरिट या गाडीला सहा चाकं आणि रॉकर-बोगी पद्धतीचे दांडे होते. स्प्रिंग नाही, नुसत्या सांध्यांच्या जोरावर सहाही चाकं जमिनीला टेकून राहतात. चांद्रयान-3 ने 2023 मध्ये चंद्रावर उतरवलेल्या 26 किलोच्या प्रज्ञान रोव्हरलाही त्याच जातीचे पाय होते. स्पिरिटचं एक पुढचं चाक 2006 मध्येच बंद पडलं होतं. मे 2009 मध्ये वरचा कडक पापुद्रा फुटून चाकं खालच्या भुसभुशीत मातीत रुतली, आणि गाडी पुन्हा निघाली नाही. दांड्यांची चाल ठाऊक होती; माती काय करेल ते नव्हतं. त्यानंतर संशोधकांनी ॲडम्सवर ‘आर्टेमिस’ नावाचं मॉडेल रचलं. त्यात रोव्हरचे सगळे दांडे आहेत, पण खरी मेहनत प्रत्येक चाकाखाली लिहिलेल्या मातीच्या समीकरणांवर आहे: चाक किती दबेल, किती घसरेल, उतारावर किती सरकेल. मंगळावरच्या चाकोऱ्यांचे फोटो पाहून त्यातले आकडे जुळवले गेले.

हे सगळं करून पाहायला आता महागडं लायसन्स लागत नाही. आयआयटी दिल्लीत प्रा. सुबीरकुमार साहा यांच्या गटाने ‘मेकॲनालायझर’ फुकट उपलब्ध केलं आहे; यादीतून लिंकेज निवडायची, लांब्या टाकायच्या, आलेख समोर. शाळेतल्या मुलांना जिओजेब्रा पुरतं, मोबाइलवरही चालतं.

सुरुवातीला रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव याची एक जोडणी घ्यावी. अशाच जोडण्या वापरून त्याने चार पायांवर चालणारं यंत्र केलं होतं, आणि ते 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं गेलं. मापं सोपी आहेत. दोन टेकूंमध्ये 20 सेंटिमीटर अंतर. एका टेकूवर 10 सेंटिमीटरचा क्रँक, दुसऱ्यावर 25 सेंटिमीटरचा झुलता दांडा. क्रँकच्या टोकापासून निघणारा 50 सेंटिमीटरचा लांब दांडा, जो बरोबर मध्यावर त्या झुलत्या दांड्याला पिनने जोडलेला. क्रँक दुसऱ्या टेकूकडे रोखला असेल तो शून्य अंश धरून 90 ते 270 अंशांपर्यंत फिरवला, की लांब दांड्याचं मोकळं टोक 40 सेंटिमीटर सरळ जातं आणि त्या सगळ्या वाटेत जेमतेम एक मिलिमीटर चळतं. उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात ते कमानीतून उडी मारून परत येतं. आता बाकी काही न बदलता क्रँक 10 चा 13 सेंटिमीटर करावा. टोकाची वाट 48 सेंटिमीटरपर्यंत लांबते, आणि मिलिमीटरभराचं ते चळणं जवळपास नऊ मिलिमीटरवर जातं.